कानातला मेथीदाणा

हे लिहायला मी वर्षभर थांबले. राग ओसरला की लिहू, असं ठरवलं होतं. राग काही ओसरला नाही, म्हणून आता रागासकटच लिहिते आहे. ज्यांचा कान दुखतो आहे आणि घरातलं प्रत्येक माणूस ज्यांना एकेक उपाय सांगतं आहे, त्यांच्यासाठी हे आहे. मी डॉक्टर नाही. अमडापूरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल, पिको. पंचवीस वर्षं मशीन चालवते आहे. त्यामुळे यात औषधांची नावं सापडायची नाहीत. माझ्या कानाचं काय काय केलं गेलं आणि मी ते कसं करू दिलं, एवढंच आहे.

*

दुखणं सुरू झालं ते ऐन लग्नसराईत. डावा कान. आधी जांभई दिली की कळ यायची, मग भाकर चावली की यायची. पुढे पुढे मशीनवर मान घातली की कानापासून गालापर्यंत ठणकायचं. नवरीचे ब्लाउज अर्धे कापून पडलेले, गिऱ्हाइकं दारात, आणि मी गालाला हात लावून बसलेली.

माझ्या मोठ्या नणंद कमलताई आमच्याकडेच राहतात. घराचा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी पहिल्याच दिवशी लसणाची पाकळी तेलात जाळली आणि ते कोमट तेल माझ्या कानात सोडलं. त्यांच्या आईनं त्यांच्या कानात सोडलं होतं, त्यांच्या आजीनं आईच्या. मग शेजारणीनं तुळशीचा रस आणला. कोणी रुईचं पान शेकून दिलं, कोणी कापूर सांगितला. पंधरा दिवसांत माझ्या कानात एका मोठ्या स्वयंपाकाचं सामान गेलं. आत एकानंही पाहिलं नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही, कारण मलाही ती सुचली नाही.

शेवटी मिस्टरांनी मला एका डॉक्टरकडे नेलं. मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि गावातल्या मंडळाचे ते सचिव आहेत, म्हणजे बोलण्याची सवय. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतं? विचारलं मिस्टरांना. मिस्टर म्हणाले, झाले असतील आठ-दहा दिवस. झाला होता दीड महिना. मी तोंड उघडलं तर मिस्टरांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. डॉक्टरांनी दारातूनच घर पाहावं तशी बॅटरी मारली, थेंब लिहून दिले आणि मिस्टरांना सांगितलं की वहिनींना टेन्शन घेऊ देऊ नका.

कान माझा, दुखणं माझं, आणि टेन्शन घेऊ न देण्याची जबाबदारी त्यांच्यावर. येताना गाडीवर मी मागे बसून रडत होते. वाऱ्यानं डोळ्यात पाणी आलं असेल असं त्यांना वाटलं.

*

त्याच सुमारास मंडळानं अ‍ॅक्युप्रेशरचं शिबिर घेतलं. दहा दिवसांचं, सभागृहात, सकाळ-संध्याकाळ. शिबिरवाले गृहस्थ बाहेरच्या जिल्ह्यातले. सगळे त्यांना सर म्हणायचे. कशाचे सर, कुठे शिकले, हे कोणी विचारलं नाही. पांढरा झब्बा, गोड बोलणं, आणि भिंतीवर कानाचं भलं मोठं चित्र. त्या चित्रात कानाच्या पाळीवर गुडघा होता, कंबर होती, पोट होतं. अख्खं माणूस कानात मावलं होतं.

शिबिर मिस्टरांनी आणलेलं, त्यामुळे मला जावंच लागलं. सरांनी विचारलं, काय होतं? मिस्टर म्हणाले, कान दुखते हिचा. सरांनी माझ्या डाव्या कानावर पाच ठिकाणी मेथीचा एकेक दाणा ठेवला आणि वरून कागदी चिकटपट्टी लावली. दिवसातून तीनदा, शंभर-शंभर वेळा दाबायचं. थेंब बंद. एक दाणा कानाच्या भोकाच्या अगदी काठावर होता. तिथं ठेवताना सर म्हणाले, हा मुख्य बिंदू.

आता खरं ते सांगते. मला बरं वाटलं. सरांनी गालावर, जबड्याजवळ आणि हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात जोरानं दाबलं, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मग गाल सैल पडला. तिसऱ्या दिवशी मी कितीतरी आठवड्यांनी डाव्या बाजूनं भाकर चावली. राग आहे म्हणून हे लपवणार नाही. लपवलं तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

त्याच संध्याकाळी सरांनी विचारलं, कोणाला फायदा झाला, त्यांनी पुढे यावं. कोणी उठेना. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मले गुण आला. आज मी भाकर चावली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या एका पोरानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बायांची रांग सभागृहाच्या बाहेर गेली होती.

*

पाचव्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं. पट्टी ओली होऊन सुटली. मी दाणे मोजले. चार.

पाचवा अंथरुणात शोधला, मोरीत शोधला. मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पडला असेल कुठं, दाण्यासाठी काय पोलिसात जायचं आहे? सरांना फोन लावला, तर सर म्हणाले की शरीरानंच तो दाणा टाकून दिला, म्हणजे त्या बिंदूचं काम झालं. आणि कान मोकळा दिसला म्हणून कमलताईंनी लगेच त्यात तेल सोडलं. प्रत्येकाला आपापलं काम झाल्याचं समाधान मिळालं.

दोन दिवसांनी कान दुखायला लागला, पण हे दुखणं वेगळं होतं. पहिलं चावताना यायचं आणि जायचं. हे जातच नव्हतं. कान आतून भरल्यासारखा, फुगल्यासारखा. डाव्या बाजूनं कोणी बोललं तर विहिरीच्या तळातून आवाज यावा तसं ऐकू यायचं. मला भीती वाटली ती तेव्हा. आमच्या धंद्यात कान किती लागतो हे शिवणाऱ्या बाईलाच कळेल. सुई वाकडी पडायला लागली की आधी आवाज बदलतो, मग टाका सुटतो. मी पंचवीस वर्षं मशीन कानानं चालवली आहे.

सरांना परत दाखवलं. ते हसले. म्हणाले, "त्रास वाढला म्हणजे रोग बाहेर निघतो आहे ताई. दाबत राहा." आणि त्यांनी स्वतः बोटानं त्या मुख्य बिंदूवर दाबलं. मी ओरडले. सभागृहातल्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या.

घरी आल्यावर मी मिस्टरांना म्हणाले की मला मोठ्या डॉक्टरकडे न्या. ते ताटावर बसले होते. म्हणाले, "तीन दिवस राह्यले शिबिराचे. तू माईकवर बोलली गुण आला म्हणून. आता तूच दवाखान्यात गेली तं लोक काय म्हणतीन मले? जरा कळ काढ."

कळ काढ. लग्नाला तेवीस वर्षं झाली. बाळंतपणात कळ काढली, सासूच्या आजारपणात काढली, मान मोडेस्तोवर शिवताना काढली. त्या दिवशी मात्र मला कळलं की माझा कान त्यांना ऐकायचा अवयव वाटतच नाही. त्यांना तो शिबिराच्या बॅनरचा एक कोपरा वाटत होता.

कमलताई तेवढ्यात वाटी घेऊन आल्या. मी ती वाटी हातानं उडवली. तेल भिंतीवर गेलं. तो डाग अजून आहे, मी पुसू दिला नाही.

*

दुसऱ्या दिवशी उशीवर पिवळं पाणी होतं आणि अंगात ताप होता. मी दुकानाला कुलूप घातलं आणि कोणाला न सांगता चिखलीच्या गाडीत बसले. चिखलीहून बुलढाणा. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात एकटी गेले. प्रत्येक खड्ड्याला कानात सुरी फिरत होती आणि तरी मला आतून बरं वाटत होतं, कारण माझ्या वतीनं बोलायला सोबत कोणी नव्हतं.

कानाच्या डॉक्टर बाई होत्या. तरुण, चष्मा, जेवणाची वेळ टळून गेलेली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा." मी सांगायला लागले आणि थांबेचना. लसणापासून शिबिरापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग डोकं धरून, पाळी मागे ओढून, दुर्बीण लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नंतर म्हणाल्या, हलू नका.

चिमट्यानं त्यांनी जे बाहेर काढलं ते पांढऱ्या बशीत ठेवलं. फुगून दुप्पट झालेला, बुळबुळीत मेथीचा दाणा. त्याला बारीकसा कोंब फुटला होता.

मी पाहत राहिले. माझ्या कानात ओल होती, ऊब होती, कमलताईंचं तेल होतं आणि सरांचा आशीर्वाद होता. शेतात नाही पण माझ्या कानात पीक आलं होतं. मला हसू आलं आणि हसताना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाल्या, रडा, हरकत नाही. मी म्हणाले, मी रडत नाही, मी चिडली आहे. त्या म्हणाल्या, मग चिडा.

नंतर त्यांनी ते सांगितलं ज्याची मला भीती होती. आत पू झाला आहे, पडद्याला छिद्र पडलं आहे. औषधं घ्यायची, कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये, आणि दर आठवड्याला यायचं. ऐकू येणं पूर्ण परत येईल का? त्या म्हणाल्या, आज नाही सांगता येणार. खोटं बोलल्या नाहीत. मला ते फार मोठं वाटलं.

दाणा मी मागून घेतला. गोळ्यांच्या छोट्या डबीत घातला.

*

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझी मुंगी तीन महिने चालली. दर मंगळवारी दुकान बंद, बुलढाण्याची गाडी, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट. अंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. ताप गेला, पू थांबला. आणि मग पहिलं दुखणं परत आलं. तेच, चावताना, जांभई देताना.

मी हादरले. डॉक्टरांना म्हणाले, सगळं करून झालं, हे काय आता? त्यांनी माझ्या कानासमोर बोटं ठेवली आणि तोंड उघडायला लावलं. टक् असा आवाज झाला. म्हणाल्या, हे कानाचं दुखणं नाहीच, जबड्याच्या सांध्याचं आहे, तुम्हाला ते कानात जाणवतं. डाव्या बाजूनं कडक काही चावता का? सुपारी? मी म्हणाले, काहीच नाही. त्या कागदावर लिहायला लागल्या. मला माझ्या बाहीला लोंबणारा धागा दिसला. मी बाही तोंडाजवळ नेली आणि डाव्या दाढेखाली धागा धरून कचकन तोडला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आत्ता काय केलंत? परत करा."

मी परत केलं. त्यांनी विचारलं, दिवसातून असं किती वेळा करता? मी मोजूच शकले नाही. कात्री शेजारी असते, पण हात कापडावर असतात, म्हणून दोरा दातानं. आम्ही सगळ्या जणी अशाच तोडतो, माझ्या आईनं मला तसंच शिकवलं. लग्नसराईत तर सारा दिवस जबडा चालू. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. ती पखाल म्हणजे माझाच कान असेल असं कधी वाटलं नव्हतं.

उपाय साधे होते. दोरा कात्रीनं, जेवण मऊ, गालाला शेक, तोंडाचे व्यायाम. आणि त्या म्हणाल्या, दुखणं कमी व्हायला अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होईल असं वाटतं, ओळखीचे एक डॉक्टर ते करतात. मी खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, परत तेच? त्या शांतपणे म्हणाल्या, "घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी तुमचा कान आधी पाहिला आहे, म्हणून सांगते आहे."

मी आठ दिवस विचार केला आणि गेले. ते डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. बेचक्यात, मानेवर, कानासमोर केसासारख्या बारीक सुया. सुईची मला कसली भीती, बोटातून सुई आरपार गेलेली बाई मी. त्यांनी प्रत्येक सुई नवी पाकिटातून काढली आणि टोचण्याआधी सांगितलं की कुठे टोचतो आहे आणि का. जबड्यात जडपणा आला आणि मग गाठ सुटावी तसं सुटलं. सहा-सात वेळा गेले. स्वच्छ हातानं गाल आणि बेचकं कसं दाबायचं तेही त्यांनी शिकवलं. कानाला काही चिकटवायचं नाही, कानात काही घालायचं नाही. सुयांनी माझा पडदा शिवला नाही, त्यांनी तसा दावाही केला नाही. दुखणं कमी झालं, निम्म्याहून जास्त. बाकीचं कात्रीनं केलं.

म्हणून कोणी मला विचारलं की दाबण्यावर, सुयांवर विश्वास आहे का, तर मी हो म्हणते. न पाहता हात लावणाऱ्यावर नाही.

पडदा हळूहळू भरून आला. पण काचेच्या खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी केली तेव्हा कागदावरची डाव्या कानाची रेघ उजव्याच्या बरीच खाली होती. ती तिथंच राहणार आहे.

*

मिस्टरांनी माफी मागितली नाही. डबीतला दाणा पाहून ते एवढंच म्हणाले, तूच कान ओला करायला नको होता. त्या दिवसापासून मी दवाखान्यात एकटीच जाते. घरात बोलणं चालू आहे, पण माझ्या डाव्या बाजूनं ते बोलले तर मी उत्तर देत नाही. कधी खरंच ऐकू येत नाही, कधी येतं.

यंदा परत शिबिर ठरलं. मला कोणी सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकानं ब्लाउजचं माप एका कागदात गुंडाळून आणलं, ते शिबिराचं पत्रक निघालं. त्यात माझा फोटो. माईक हातात, हसरा चेहरा. खाली लिहिलेलं, यांचा कान पूर्ण बरा झाला.

मी मशीन थांबवली, डबी घेतली आणि सभागृहात गेले. सर बोलत होते. समोर पन्नासेक बाया, पहिल्या ओळीत कमलताई, गुडघ्यासाठी आलेल्या. मिस्टर टेबलाशी. मी सरळ जाऊन माईक मागितला. सरांनी हसून दिला. त्यांना वाटलं, यंदाही बोलेल.

मी फोटोचं पत्रक वर धरलं. म्हणाले, "या फोटोतली बाई मी हाये. मांगच्या वर्षी मी खरंच बोलली, पण ते तिसऱ्या दिवसाचं खरं होतं. सातव्या दिवसाचं कोणी इचारलं नाई." मग डबी उघडली, दाणा तळहातावर घेतला आणि पहिल्या ओळीपुढून हात फिरवला. वाळून तो आता काळा पडला आहे, कोंब मात्र दिसतो. सर म्हणायला लागले की ताई, विश्वास कमी पडला असेल. मी त्यांना विचारलं, "सर, माह्या कानात तुमी एकदा तरी पाह्यलं काय?"

मिस्टर खाली पाहत होते. पत्रकावर फोटो छापायला हो कोणी म्हटलं ते मला त्या मानेवरूनच कळलं. कमलताईंनी आपल्या कानावर लावलेली पट्टी ओढून काढली, हातात चुरगळली आणि माझ्याकडे न पाहता उठून गेल्या.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. डाव्या बाजूला कोणीतरी येऊन बसलं आणि काही बोललं. मी वळून म्हणाले, "इकून बोला मावशी, तिकून नाई येत ऐकू." पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गयाबाई होत्या, सोयाबीन सोंगायला, कापायला जाणाऱ्या. त्या उठून माझ्या उजवीकडे आल्या.

"मांगच्या वर्षी तू बोलली म्हणून मी लावले दाणे," त्या म्हणाल्या. "तवापासून माहा कान वाहते. कोणाले सांगतलं नाई. तुले गुण आला, मलेच काऊन नाई, असं वाटे."

माझा वर्षभराचा सगळा राग तिथंच पायरीवर माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. सरांचं नाव घेतलं होतं, मिस्टरांचं घेतलं होतं, पण तो माईक माझ्या हातात होता.

गयाबाईंनी पदर बाजूला केला आणि कान माझ्यापुढे धरला. "पाह्य बरं आत काय हाये तं."

मी पाहिलं नाही. मी म्हणाले, "मी नाई मावशी, डॉक्टरीणबाई पाहतीन. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी चिखलीच्या गाडीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे माझा चांगला कान त्यांच्याकडे राहिला.